वाटणीतले दोन खड्डे

"माणसाच्या संस्कृतीचा खरा इतिहास राजवाड्यांत लिहिलेला नाही, देवळांत लिहिलेला नाही. तो शौचकूपांत लिहिला गेलेला आहे!"

हे वाक्य मी एसटीत बसून, खिडकीची काच खडखडत असताना, चांगलं तीन वेळा घोकलं होतं. वाक्य संपलं की टाळ्यांसाठी थांबायचं, हेही ठरवलं होतं. त्याप्रमाणे थांबलो. हिवरमाळच्या मारुतीच्या देवळात जमलेली चाळीसेक माणसंही माझ्याबरोबर थांबली. मग मागच्या खांबाला टेकलेल्या एकानं विचारलं, "सायेब, च्या आत्ता सांगू, का तुमचं झाल्यावर?"

"झाल्यावर," मी म्हणालो.

"मंग वाईच येळ हाय," असं शेजाऱ्याला सांगून त्यानं तंबाखूची चंची उघडली.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा पंचायत समितीत कनिष्ठ अभियंता होतो. कनिष्ठ अभियंता म्हणजे ज्याच्या वर सगळे असतात आणि खाली फक्त खड्डा असतो, असा माणूस. त्या वर्षी माझ्याकडे संडासांची योजना आली होती. प्रत्येक गावानं ग्रामसभेत ठरवायचं, कोणत्या पद्धतीचे संडास हवेत. आणि मी ते गावाला 'समजावून' सांगायचं. समजावणं माझ्याकडे, ठरवणं गावाकडे आणि कुठं बिनसलं तर जबाबदारी पुन्हा माझ्याकडे.

हिवरमाळचं ठरलेलंच होतं. त्यांना टाकीचा संडास हवा होता. गावात कुणी सेप्टिक टाकी पाहिलेली नव्हती, पण सरपंच आबा लवटे यांच्या व्याह्यांकडे एक होती, आणि आबा तिचं वर्णन लग्नाच्या रुखवताचं करावं तसं करत.

"खोलीयेवढी टाकी हाय, सायेब. आतनं गिलावा, वर सलॅब. सलॅबवर बाया बाजरी वाळत घालत्यात. तीस वर्सं बघाया नगं."

"आणि तीस वर्षांनी?"

"तीस वर्सांनी आपुन कुठं आसनार हाय?"

देऊळ हसलं.

"आन् आधीच भरली, तर तायाप्पा हायच की," आबा दाराकडे हात करून म्हणाले.

देऊळ पुन्हा हसलं. तायाप्पा गावाबाहेरच्या वस्तीवरचा. मेलेलं जनावर ओढायचं असो की तुंबलेलं गटार उपसायचं असो, गावात नको ते काम निघालं की बोलावणं त्याला. तो देवळाच्या पायरीवर, उन्हात बसला होता. तोही हसला. पण सगळ्यांचं हसून झाल्यावर, जरा उशिरानं.

तालुक्याच्या गावी अशाच एका टाकीतून दोराला बांधून वर काढलेला माणूस मी पाहिला होता. त्याच्याविषयी मी भाषणात बोलत नसे. मी आराखड्याचा कागद उलगडला आणि दुसरी पद्धत सांगायला लागलो.

ही पद्धत दोन खड्ड्यांची. खड्डे लहान, बायकांच्या भाषेत दोन रांजणांएवढे. आतून विटांची जाळीदार भिंत, म्हणजे पाणी जमिनीत मुरून जातं. संडासातून येणारा पाइप एका छोट्या चेंबरमध्ये येतो, तिथून दोन तोंडं फुटतात, दोन खड्ड्यांना. एका तोंडात वीट ठेवून ते बंद करायचं. एक खड्डा चालू, दुसरा बंद. पहिला भरला की वीट उचलून त्याच्या तोंडात ठेवायची आणि त्याला दीड-दोन वर्षं झाकून स्वस्थ पडू द्यायचं. मग उघडला की आत मैला नाही. माती. कोरडी, काळी, बिनवासाची. घरच्या माणसानं फावड्यानं काढावी आणि पिकाला घालावी. काम टाकीच्या चौथाई खर्चात. आणि हिवरमाळला मुरमाड जमीन, विहिरींचं पाणी साठ फूट खोल. दोन खड्ड्यांसाठी देवानं मुद्दाम बनवलेलं गाव.

"म्हंजी आपली घान आपुनच काढायची?" कुणीतरी विचारलं.

"घाण नाही हो, सोनखत!" मला जोर चढला. "सोनं आहे सोनं! तुम्ही आजवर माळावर सोनं टाकून येत होता!"

हा शब्द मी उच्चारायला नको होता. पण ते मला पुढे दीड-दोन वर्षांनी कळलं.

आबांनी पागोटं नीट केलं. "सायेब, रागवू नगा. तुमच्या घरी कंचं हाय? टाकी का खड्डं?"

माझ्या क्वार्टरला सेप्टिक टाकी होती.

"ते क्वार्टर सरकारनं बांधलंय," मी म्हणालो.

"सरकारला कळत आसंलच की," आबा म्हणाले.

मी कागदाची घडी घालायला लागलो. तेवढ्यात भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांतून आवाज आला, "आमच्याकडं बांधा वो सायेब, त्ये दोन खड्ड्यांचं."

ही बनाक्का गळवे. साठीच्या पुढची, उभ्या अंगाची, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडं मिळून अकरा माणसांच्या घरातली मोठी बाई. आपल्या भाषणाचा एका अशिक्षित वृद्धेवर एवढा खोल परिणाम झाला, या विचारानं मला गहिवरून आलं.

आबाही तयार झाले. गावाला घाई नव्हतीच. "बनाक्काचं बांधा," ते म्हणाले. "खड्डा भरू द्या, मुरू द्या, मंग समद्या गावापुढं उघडायचा. तुमी म्हंता तशी माती निघाली, तर घराघराला दोन खड्डं. न्हाय निघाली तर टाकी. लिवा ठराव."

ठराव झाला. चहा आला.

बांधकाम इन्नूस गवंड्याकडे दिलं. इन्नूसभाई म्हणजे पंचक्रोशीतला नावाजलेला कारागीर. त्यांना मी खड्ड्याच्या भिंतीत विटांच्या मधे भोकं ठेवायला सांगितलं तेव्हा ते करणी खाली ठेवून उभे राहिले.

"चाळीस वर्सं झाली या धंद्यात. भिताडाला एक भोक ऱ्हायलं तर लोक म्हंत्यात, इन्नूसची नजर गेली. आन् तुमी म्हंता भोकंच ठेवा?"

"त्यातूनच पाणी मुरणार, इन्नूसभाई."

"ठेवतो. पन वर जरा गिलावा फिरवतो. निस्ता पातळ."

"गिलावा नाही!"

"लाज वाटंल वो मला."

"खड्ड्यात कोण बघायला येतंय?"

"अल्ला बगतो की," इन्नूसभाई म्हणाले. मी दोन दिवस खड्ड्याच्या काठावर बसून राहिलो, तेव्हा कुठं भोकं शाबूत राहिली.

खड्डे मी मुद्दाम लहान घेतले. अकरा माणसांचं घर. लवकर भरेल, लवकर मुरेल, माझी बदली व्हायच्या आत उघडेल. पाइपाचा उतार मी पाण्याची बाटली लावून स्वतः तपासला. चेंबरचं झाकण, भांड्याचा ढाळ, खड्ड्यांतलं अंतर, सगळं आराखड्याबरहुकूम. आराखडा सात पानांचा होता. त्यात दाराविषयी एकच ओळ होती: 'दार, पत्र्याचं, नग एक.' ते तालुक्याहून आलं आणि बसलं. त्यावर मी पेंटरकडून निळ्या रंगात लिहून घेतलं: 'नमुना शौचालय. शासकीय काम. कोणताही फेरफार करू नये.' अक्षर मोठं सुरेख आलं होतं.

मग मी महिन्या-दोन महिन्यांनी फेरी मारू लागलो. प्रत्येक फेरीला एक दृश्य ठरलेलं. संडासाच्या दारासमोर एक सपाट धोंडा होता, त्यावर बनाक्का बसलेली. पुढ्यात सूप, ज्वारीतले खडे वेचणं चाललेलं. मधूनच ती खोकायची. एकदा तर आतूनही कुणीतरी खोकलं, त्यावर बनाक्का पुन्हा खोकली. घरात खोकल्याची साथ दिसते, असं मला वाटलं. मी आरोग्य खात्याला तसं लेखी कळवलंही. माझ्या अहवालात मी लिहिलं: 'लाभार्थी कुटुंबातील ज्येष्ठ महिला शौचालयासमोर नित्य बसून देखरेख करतात. मालकीची भावना निर्माण झाल्याचे दिसते.' साहेबांनी समासात तांबड्या शाईनं 'स्तुत्य' असं लिहून कागद परत पाठवला. तो कागद मी बरीच वर्षं जपला होता.

मध्येच निवडणुका लागल्या आणि मला चार महिने तिकडे जुंपलं. परत आलो तेव्हा गळव्यांच्या घराला दोन दारं झाली होती. थोरला सर्जेराव आणि धाकटा आगतराव वेगळे निघाले होते. अंगणात मधोमध वीतभर उंचीची भिंत आली होती, ती संडासापर्यंत येऊन थांबली होती. बनाक्का धोंड्यावर होती.

मी चेंबरचं झाकण उचललं. वीट पूर्वेच्या तोंडात होती. मला आठवत होतं, मी ती पश्चिमेला ठेवली होती. बरं, दोन्ही तोंडं ओली. दोन्ही खड्ड्यांच्या झाकणांच्या फटींतून पाहिलं, दोन्ही निम्मे भरलेले.

"वीट कुणी हलवली?" मी विचारलं.

"आज ना?" सर्जेराव म्हणाला. "आज न्हाय. सोमवारी."

"म्हणजे?"

"सोमवारी दीस मावळला की फिरती."

मग आगतरावानं मला समजावून सांगितलं. मी आयुष्यात पुष्कळांना पुष्कळ समजावलं, पण इतक्या शांतपणे मला कुणी काही समजावलेलं नाही. भावकीचे पंच बसले होते. जमीन निम्मी निम्मी झाली. बैल एकेक. विहीर सामाईक, पाण्याची पाळी आठ आठ दिवसांची. संडास सामाईक, पण खड्डे दोन. देवाच्या दयेनं आयतेच दोन. म्हणून पूर्वेचा थोरल्याचा, पश्चिमेचा धाकट्याचा, आणि विहिरीसारखीच आठ आठ दिवसांची पाळी. सोमवारी वीट फिरवायची. ज्याची पाळी त्याच्या खड्ड्यात सगळ्या घराचं जाणार.

"पण असं करायचं नसतं! एक चालू, एक बंद, असं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं हुतं," सर्जेराव म्हणाला. "पन सोनं बी तुमीच म्हनला हुता. सोनं एकट्याच्याच खड्ड्यात कसं जाऊ द्यायचं? पंचांनी तुमच्याच शब्दावर निवाडा केला."

मी धोंड्याच्या शेजारी मटकन बसलो. आठ दिवसांनी ओल, आठ दिवसांनी ओल. दोन्ही खड्डे कायम ओले. शंभर वर्षं गेली तरी त्यात माती होणार नव्हती. गावापुढं झाकण उघडलं की काय निघणार हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि वासही येत होता. मग ठराव. मग टाकी, चौसष्ट घरांना चौसष्ट टाक्या. आणि त्या एकेक करून भरल्या की पायरीवरून उठून कोण येणार, तेही दिसत होतं.

"हे बघा, खड्ड्याला आराम लागतो," मी म्हणालो.

"आराम?" आगतराव म्हणाला. "हितं मानसाला मिळंना."

"दीड वर्ष तरी एक खड्डा पूर्ण बंद ठेवा. कुणाचाही ठेवा."

"मंग आगत्याचा ठेवा," सर्जेराव म्हणाला.

"माजा का? दादाचा ठेवा की."

"माजा न्हाय बंद व्हायाचा."

"मंग माजा तरी का?"

"थोरला कोन हाय?"

"वाटनीत थोरलं-धाकटं नसतं, पंच काय म्हनलं?"

दोघंही माझ्याकडे बघून बोलत होते. वाटणी झाल्यापासून एकमेकांशी थेट बोलणं बंद होतं, त्यामुळे शिव्याही माझ्यामार्फत जात होत्या. मी उतार, ओलावा, जंतू असं काही बोलून पाहिलं. जंतू म्हटल्यावर सर्जेरावानं विचारलं, की ते कुणाच्या वाट्याचे.

बनाक्कानं सूप खाली ठेवलं.

"सर्ज्या," ती म्हणाली, "मी कुनाच्या वाटनीत आलीया रं?"

सर्जेरावानं भिंतीवरचा एक खडा उचलून लांब टाकला.

"सांग की सायबाला. सायेब बाहेरचं हायती, त्यास्नी ठावं नसंल."

"आई सा म्हैनं माज्याकडं," सर्जेराव खाली बघून म्हणाला. "सा म्हैनं आगत्याकडं."

"आन् आता कुठं जेवतीया?"

"आगत्याकडं."

"सा म्हैनं एका चुलीपुढं बसती, सा म्हैनं दुसऱ्या. आठ आठ दिसाला माजं ताट फिरवलं न्हाईत तुमी. तेवढी तरी लाज ठिवलीसा." तिनं लुगड्याच्या पदरानं हात पुसले. "आयशीची ठिवलीसा, तशी त्या खड्ड्याची ठिवा."

भिंतीच्या दोन्ही बाजूंनी भांडी घासणं थांबलं होतं.

"पन मंग आधी बंद कुनाचा?" आगतरावानं हळूच विचारलं. आता तो माझ्याकडे नाही, आईकडे बघून बोलत होता.

"तुजा."

"माजा का?"

"तू धाकटा. घरात धाकटं आधी निजवत्यात," बनाक्का म्हणाली. "तुला बी म्याच निजवत हुते. सर्ज्या जागा ऱ्हायचा, दिवा धरून."

दीड वर्षांच्या नियोजनाचं इतकं बिनतोड कारण माझ्या सात पानांत कुठंही नव्हतं. आगतराव उठला, चेंबरचं झाकण उचललं, वीट काढून आपल्या खड्ड्याच्या तोंडात ठेवली, आणि कुणी सोमवारी पुन्हा हलवू नये म्हणून इन्नूसभाईंना बोलावणं गेलं. इन्नूसभाईंनी विटेभोवती सिमेंट लावलं, आणि मी नाही म्हणायच्या आत खड्ड्याच्या झाकणाभोवती वरून असा झकास गिलावा फिरवला, की त्यात तोंड दिसावं. मी त्यांना थांबवलं नाही. बिचारे दीड वर्षं त्या भोकांचं दुःख मनात धरून होते.

जाताना वळून पाहिलं. बनाक्का पुन्हा धोंड्यावर बसली होती आणि खोकत होती. खोकला जुनाट दिसतोय, असं मनाशी म्हणत मी एसटी गाठली.

पुढचं दीड वर्ष मी कसं काढलं ते माझ्या बायकोला विचारा. मला स्वप्नं पडत ती झाकणांची. खरी गोष्ट अशी, की मी पन्नासेक गावांना 'माती होते, माती होते' म्हणून छातीठोक सांगितलं होतं, पण झालेली माती कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पुस्तकात वाचलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्यानं तरी पाहिली असेल, अशी आशा होती.

ठरल्या दिवशी सकाळी सगळं हिवरमाळ गळव्यांच्या अंगणात उभं होतं. पुढं पुरुष, नाकाला टॉवेल. मागं बायका, नाकाला पदर. कुंपणापलीकडे, सगळ्यांपासून दहा हात लांब, तायाप्पा. हातात फावडं.

"ह्याला कशाला बोलावलंत?" मी आबांना विचारलं.

"आसू द्या. लागला तर लागला," आबा टॉवेलातून म्हणाले.

इन्नूसभाईंनी छिन्नी लावली. "माजाच गिलावा मला फोडाया लावताय," असं ते प्रत्येक ठोक्याला म्हणत होते. गिलावा निघाला. चौघांनी झाकण सरकवलं. पुढची रांग एक पाऊल मागं आली, त्यामुळे मागची दोन पावलं मागं गेली.

मी वाकून पाहिलं. खड्ड्यात निम्म्यापर्यंत काळं काहीतरी होतं. सुकून भिंतीपासून बोटभर सुटलेलं. वरून भेगाळलेलं. विटांच्या एका भोकातून लिंबाचं केसाएवढं मूळ आत आलं होतं. एक डोंगळा भेगेतून वर आला, इकडं तिकडं बघून पुन्हा आत गेला. त्याला काही वावगं दिसलं नाही.

सगळे वास येण्याची वाट पाहत होते. तो येईना. आबांनी टॉवेल आधी एका नाकपुडीवरून काढला. मग दुसऱ्या.

"न्हाय येत," आबा म्हणाले. जरा नाराजच झाले असावेत. "पन वरनं सुकलं आसंल. आत कसं हाय कुनाला ठावं? तायाप्पा, उतर रं. बघ हात घालून."

तायाप्पानं फावडं उचललं आणि कुंपणाच्या आत पाऊल टाकलं.

"थांब तायाप्पा," मी म्हणालो. "तू नको."

"का?" आबांनी विचारलं.

"ह्याच्यासाठीच तर हे सगळं केलं," मी म्हणालो. आणखीही काही म्हणणार होतो, पण एसटीत घोकलेलं नव्हतं, म्हणून पुढचं सुचलं नाही. "ज्याचा खड्डा त्यानं काढायचं."

सगळे आगतरावाकडे बघू लागले. आगतराव माझ्याकडे बघू लागला.

"सायेब, आधी तुमी," तो म्हणाला. "तुमीच म्हनला हुता, सोनं."

त्याचं म्हणणं रास्त होतं. मी बाह्या सारल्या, गुडघे टेकले, हात खाली घातला. मातीपासून चार बोटांवर तो आपोआप थांबला. मी इंजिनियर झालो होतो, हात झाला नव्हता. त्याला मी मनातल्या मनात पुष्कळ समजावलं. मागं कुणीतरी तंबाखू मळायचं थांबलं. शेवटी मी डोळे मिटून मूठ भरली.

गार होती. भुरभुरीत. चाळलेल्या चहापत्तीसारखी. मी ती नाकाशी नेली. वास होता, नाही असं नाही. कुंडी उलटी केल्यावर येतो, तेवढाच.

"माती आहे," मी म्हणालो. माझा आवाज जरा जास्तच आश्चर्याचा आला असावा, कारण आबांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

मग बनाक्का पुढं झाली. तिनं माझ्या मुठीतली माती आपल्या तळव्यावर घेतली, पेरणीआधी रानातली बघतात तशी अंगठ्यानं चोळली, आणि म्हणाली, "उकिरड्याला ह्यापरीस वास येतो की रं."

तेवढं पुरलं. आगतराव पाटी घेऊन खाली उतरला आणि भरायला लागला. एक पाटी, दोन पाट्या, तीन. माणसं पुढं सरकली. कुणी बोट लावून पाहिलं, कुणी चिमूट. इन्नूसभाई वाकून आतली भिंत बघत होते. जाळीतली वीट एकही ढळली नव्हती. "भोकं बेस ऱ्हायली," असं ते हळूच म्हणाले.

सर्जेराव काठावर उभा राहून मोजदाद केल्यासारखा बघत होता. "आगत्या," तो म्हणाला, "ह्यात निम्मं माज्या घरचं बी हाय हां. ते सामाईक."

आता भांडण जुंपणार, असं वाटून मी मुठीतली उरलेली माती झटकली. आगतरावानं खड्ड्यातून वर पाहिलं.

"धर की मंग पाटी," तो म्हणाला. "वर काय हुभा ऱ्हायलाईस दिवा धरल्यासारखा?"

सर्जेराव हसला. वाकून त्यानं पाटी धरली.

तायाप्पा अजून कुंपणाशीच होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"सायेब," त्यानं विचारलं, "म्हंजी ह्याला कुनाला बोलवाया लागत न्हाय?"

"नाही. घरचेच काढतील."

"कंदीच?"

"कधीच."

त्यानं खड्ड्याकडे बघितलं. दोघं भाऊ पाट्या देत-घेत होते, आणि आबा लवटे, गावचे सरपंच, दोन बोटांनी मातीचं ढेकूळ फोडून बघत होते. तायाप्पानं ते सगळं सावकाश बघून घेतलं. मग फावडं खांद्यावर टाकलं.

"बरं हाय," तो म्हणाला. "मी बकऱ्या सोडून आलोया."

आणि तो निघाला. आबांनी त्याला हाक मारायला तोंड उघडलं होतं, पण मारायची कशासाठी, ते त्यांना आठवेना. हात मातीचे होते, ते धोतराला पुसायचे की काय, याच विचारात ते राहिले.

ठराव तिथंच, गिलावा फोडलेल्या झाकणावर कागद ठेवून झाला. घराघराला दोन खड्डे, सर्वानुमते. आबांच्या सहीवर एक काळा ठसा उमटला, तो अजून त्या दप्तरात असेल.

मला भरून आलं. मी झाकणावर चढलो. "बंधू-भगिनींनो, माणसाच्या संस्कृतीचा खरा इतिहास..."

"च्या आलाय सायेब," मागून तोच आवाज आला.

मी खाली उतरलो. पण असा दिवस नुसत्या चहावर जाऊ देणं माझ्या जिवावर आलं. ज्या माउलीनं पहिला शब्द टाकला, जी तीन वर्षं उन्हातान्हात त्या धोंड्यावर बसून राखण करत आली, तिच्या तोंडून गावानं काही ऐकावं, असं मला वाटलं. मी खिशातून वही-पेन काढलं; अहवालात तिचे शब्द तिच्याच भाषेत घालणार होतो.

"बनाक्का," मी मोठ्यानं म्हणालो, "गावाला दोन शब्द सांगा."

कपबश्यांचा आवाज थांबला. बनाक्का गडबडली. तिनं पदर नीट केला, आधी सुनांकडे बघितलं. धाकटी मालन तोंडाला पदर लावून हसत होती. थोरली शकू तिला कोपरानं ढोसत होती.

"गावाला न्हाय," बनाक्का म्हणाली. "तुमास्नीच एक सांगायचं हुतं. रागवनार नसला तर."

"बोला की!"

"दाराला आतनं कडी न्हाय वो."

मी वही उघडलेली तशीच धरून उभा.

"सून आत गेली की मी भाईर बसून खोकती. मी गेले की शकू बसती. पुरुष मानूस आलं की जास्ती खोकायचं. तीन वर्सं झाली. आता बसून बसून माजं गुडघं ऱ्हायल्यात."

"अहो, मग लावायची नाहीत का एक?"

"लावनार हुता सर्ज्या. पन तुमी दारावर लिवलंय न्हवं, काय बी फेरफार करू नगा म्हनून. मालनला वाचाया येतं." तिनं दाराकडे बोट केलं. निळं अक्षर ऊन-पावसात जरासुद्धा फिकं झालेलं नव्हतं. "तर तेवढी एक कडी लावून द्या, सायेब. लई मोठी नगं. ल्हानशी चालंल."